नाशिकच्या वहीतला दोह्याचा प्रयोग

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या एका इंग्रजी विनोदी संगीतिकेचा मराठी अवतार दोह्यात एकदाच सादर झाला: वर्ल्ड कपच्या आदल्या वर्षी, हिवाळ्यातल्या एका शुक्रवारी, सकाळी अकराच्या सुमारास. रंगमंच म्हणजे दोह्याला लागून असलेल्या अल रय्यानमधल्या एका व्हिलाचा दिवाणखाना होता. प्रेक्षक चौदा होते, त्यांत पाच मुलं. नट एकच होता, आणि ते आमचे शेजारी होते. तेव्हा अख्खा कतार फुटबॉलखेरीज दुसरं काही बोलत नव्हता. त्या देशात राहून वर्ल्ड कपशी काडीचाही संबंध न ठेवलेला मला भेटलेला एकमेव माणूस म्हणजे हे गृहस्थ.

ते मूळचे नाशिकचे, वय साठीच्या आसपास, एकटे. हमद पोर्टवर कंटेनर कुठे आणि कोणत्या क्रमाने रचायचे हे ठरवण्याचं काम करत. मी एका इंग्रजी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. ते मला पहिल्या दिवसापासून 'संपादक' म्हणत, मी त्यांना काका म्हणत असे. आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात भिंतीपलीकडून चार-पाच जणांची बाचाबाची ऐकू आली. बायकोला वाटलं, शेजारी पाहुणे आलेत. तिने मोठा डबा भरून साबुदाण्याची खिचडी पाठवली. दोन दिवसांनी डबा घासून-पुसून परत आला. 'कोरसला आवडली,' असं त्यांनी दारातच सांगितलं. घरात दुसरं कोणीही नव्हतं. नंतर मी आत गेलो तेव्हा हॉलमध्ये सोफा नव्हता, टीव्ही नव्हता; भिंतीकडे तोंड करून एका ओळीत मांडलेल्या सहा खुर्च्या होत्या. काका युद्धनौकेवर घडणाऱ्या त्या इंग्रजी संगीतिकेची सगळी पात्रं एकटे म्हणत, आणि पात्र बदललं की खुर्ची बदलत.

त्या संगीतिकेचा जन्मापासूनचा इतिहास त्यांना तोंडपाठ होता, आणि तो ते घरातली बातमी सांगावी तसा सांगत. ऑगस्टमध्ये, पार्किंगमधून दारापर्यंत येताना चपलेचे तळ वितळतील असं ऊन असताना, ते हळहळून म्हणत की त्या पहिल्या उन्हाळ्यात लंडनला फार उकडत होतं हो, थिएटर रिकामं राहायचं. अमेरिकेत परवानगी न घेता लोकांनी गावोगाव प्रयोग लावले, हे सांगताना त्यांचा आवाज चढत असे. जणू ती माणसं अजून सापडायची आहेत. कंपनीतून फुटलेल्या भागीदारांनी प्रयोग चालू असताना सेट उचलून न्यायला माणसं पाठवली आणि पडद्यामागे मारामारी झाली, हा त्यांचा आवडता प्रसंग. तो ते कुठेही जोडत. एकदा सोसायटीच्या कार्यक्रमानंतर केटररची माणसं लोक बसलेले असतानाच खुर्च्या गोळा करू लागली, तेव्हा काका उठून उभे राहिले आणि त्यांनी त्या माणसांना हिंदीत लंडनची सगळी हकिगत ऐकवली. खुर्च्या दहा मिनिटं थांबल्या.

स्टेडियमची चर्चा मात्र ते परक्याच्या लग्नातली बोलणी ऐकावीत तशी ऐकत. कोणी आसनसंख्या सांगितली, छत कसं सरकतं ते सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असे: 'विंगा किती रुंद आहेत?' स्टेडियमला विंगा नसतात म्हटलं की विचारत, 'मग एंट्री कुठून घेतात?' बंदराजवळ कंटेनर रचून एक स्टेडियम उभं राहत होतं आणि स्पर्धेनंतर ते मोडणार होते. तेवढं एकच त्यांच्या मनात भरलं होतं. 'हे नाटकवाल्यांना कळणारं काम आहे,' ते म्हणाले. 'खेळ झाला की सेट गुंडाळायचा.'

मराठी रूपांतर त्यांच्या शाळेतल्या मास्तरांनी केलं होतं. मास्तरांनी समुद्र पाहिला नव्हता असं ऐकिवात आहे. संहिता वाचून ते खरं वाटतं. नाशिकच्या हौशी मंडळींनी त्याचे पुष्कळ प्रयोग केले. काका त्यात नायक होते, म्हणजे खलाशी. नायिका मास्तरांची मुलगी. काका तिचं नाव घेत नसत, नेहमी 'नायिका' म्हणत. प्रत्येक प्रयोगाची नोंद मास्तर एका वहीत स्वतःच्या हाताने करत. एका प्रयोगाच्या आठवडाभर आधी काकांचा कतारचा व्हिसा आला आणि ते निघून आले. दुसरा नायक मिळाला नाही. त्या दिवसाची नोंद काकांनी मला एकदाच सांगितली, भाजी निवडता निवडता: 'प्रयोग रद्द. नायक कतारला.' त्यानंतर त्या मंडळींनी पुन्हा प्रयोग केला नाही. मास्तर गेले. वही मुलीकडे राहिली, तीही नाशिकलाच राहिली. वहीतली शेवटची ओळ अजून तीच होती.

काकांना त्या ओळीखाली एक नोंद हवी होती. दुसरं काहीही नको होतं. त्यांनी नाशिकला निरोप पाठवून विचारलं, दोह्यात प्रयोग केला तर वहीत चढेल का. उत्तर आलं की वडिलांचे तीन नियम पाळले तर चढेल. संहितेतला शब्द बदलायचा नाही. प्रेक्षक दहांपेक्षा कमी नकोत. आणि तिसरी घंटा त्या दिवशी रंगमंचावर पाऊल न ठेवणाऱ्या माणसानेच द्यायची. मास्तर म्हणत, नट स्वतः घंटा देतो ती तालीम, दुसरा देतो तो प्रयोग.

पुढची दोन वर्षं काकांनी माणसं जमवली. कोरससाठी बंदरावरचे सहा जण मिळाले, सगळे रत्नागिरी-रायगडकडचे. त्यांचा पुढारी राजापूरचा एक क्रेनवाला होता. काकांनी त्यांना कंटेनरच्या हिशेबाने उभं केलं: वजनदार खाली, हलके वर, आणि ज्यांना आधी बाहेर पडायचं ते कडेला. पहिल्याच तालमीत क्रेनवाल्याने हरकत घेतली.

'सायब, नांगर टाकून शीड कोन उभारतो? बोट उलटंल ना.'

'मास्तरांनी लिहिलंय तसं म्हण.'

'मास्तर बोटीवर गेलेले काय कधी?'

'गोदावरीत होडीत बसले होते.'

'मंग बरोबर हाय,' तो म्हणाला, आणि सगळ्यांनी नांगर टाकून शीड उभारलं.

काकांनी तरीही नाशिकला विचारलं. वडिलांनी लिहिलंय तसंच, असं उत्तर आलं. पुढे मोठी माणसं कमी पडू लागली तेव्हा काकांना आठवलं की लंडनला ही संगीतिका मुलांनीही केली होती. त्यांनी कंपाउंडमधली मुलं गोळा केली. मुलांना मराठी सगळं समजत होतं. 'तू का रडतोस?' या ओळीनंतर एका मुलीने मान वर करून विचारलं, 'काका, बट व्हाय इज ही क्रायिंग?' काकांनी तिला पाऊण तास मराठीत कारण सांगितलं. ती 'ओके' म्हणाली. मुलांचा बेत तिथेच संपला.

ठरलेल्या शुक्रवारी देशात वर्ल्ड कपच्या आधीची चाचणी स्पर्धा आली. आदल्या संध्याकाळी एकेक निरोप येऊ लागला. कप्तानाचं काम करणारे पुण्याचे इंजिनियर स्टेडियमच्या थंड हवेच्या यंत्रणेवर होते. त्यांची सुट्टी रद्द. नायिका होणाऱ्या बाईंच्या ऑफिसने सगळ्यांनाच बोलावलं होतं. बंदरावर दोन जहाजं लागली आणि सहाही जणांना डबल शिफ्ट मिळाली. क्रेनवाल्याने फोन करून माफी मागितली आणि बोट आमच्यावाचून हाकू नका सायब, असं सांगितलं. मी काकांना म्हटलं की पुढे ढकलू या, महिनाभराने करू.

'संपादक, मी एकदा ढकललंय,' ते म्हणाले. 'त्यालाच आता एवढी वर्षं झाली.'

नट किती हवेत याबद्दल मास्तरांनी काही लिहिलेलं नव्हतं. हे काकांनी नाशिकहून नियमांसोबत आलेल्या वहीच्या फोटोत पुन्हा तपासून घेतलं.

घंटा देणं माझं काम होतं. नाशिकहून आणलेली हातात धरायची पितळी घंटा होती. पहिली मी पावणेअकराला दिली, दुसरी अकराला पाच कमी असताना. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. स्पर्धेच्या बातमीत एका खेळाडूच्या नावाचं स्पेलिंग दोन ठिकाणी वेगळं गेलं होतं आणि ऑनलाइन आवृत्ती सोडायची होती. मी पोर्चमध्ये जाऊन बोललो. बोलणं नऊ मिनिटं चाललं. चौथ्या की पाचव्या मिनिटाला आतून तिसरी घंटा ऐकू आली. मी परतलो तेव्हा प्रेक्षक हसत होते. चादरीच्या पडद्यामागून खलाशाच्या पोशाखात काका बाहेर आले, माझ्या रिकाम्या खुर्चीवरची घंटा उचलून त्यांनी दिली आणि आत गेले, असं बायकोने सांगितलं. लोकांना तो नाटकाचाच भाग वाटला.

प्रयोग दीड तास चालला. काकांनी कप्तान केला, आरमाराचा मंत्री केला, सहा जणांचा कोरस केला. मुलं शेवटपर्यंत बसली. फक्त नायिकेचं काम त्यांनी केलं नाही. तिची वाक्यं आली की ते डावीकडच्या खुर्चीकडे वळून उभे राहत, ती वाक्यं म्हणायला जेवढा वेळ लागेल तेवढे गप्प राहत आणि मग आपलं उत्तर देत. तिच्या गाण्याच्या वेळी ते तसे जवळपास चार मिनिटं उभे होते. संहितेतला शब्द बदलला नव्हता.

नाशिकहून निरोप आला की साक्षीदाराचा वृत्तांत पाठवावा. काकांनी ते काम मला दिलं. मी पानभर लिहिलं: स्थळ, वेळ, प्रेक्षक, कालावधी. शेवटून दुसरं वाक्य होतं, 'तिसरी घंटा नटाने स्वतः दिली.' कागद देताना मी काकांना म्हटलं की हे वाक्य काढता येईल. घंटेबद्दल कोणी विचारलेलं नाही, आणि चूक माझी आहे.

त्यांनी चष्मा लावून पान दोनदा वाचलं. 'खरं आहे ना?'

'आहे.'

'मग असू द्या. त्या वहीत आजवर खोटं काही नाही. माझी ओळ आहे तीसुद्धा खरीच आहे.'

त्यांनी माझ्यासमोर पानाचा फोटो काढून पाठवला.

चार दिवसांनी वहीचा फोटो आला. तो दाखवायला ते आमच्याकडे आले. जुन्या ओळीखाली वेगळ्या, बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'दोहा. तालीम.' बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी काकांची माफी मागितली. ते म्हणाले की घंटेचं काय घेऊन बसलात, लंडनला चालू प्रयोगात लोक सेट न्यायला आले होते. मग चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली. दाराशी गेल्यावर त्यांनी फोन पुन्हा उघडून पाहिला.

'तालीम लिहिलंय,' ते म्हणाले. 'रद्द नाही लिहिलेलं.'

दुसऱ्या वर्षी, पहिल्या सामन्याला दोन महिने असताना, त्यांनी राजीनामा दिला. जगभरातले लोक तिकिटांसाठी धडपडत होते, आणि हा माणूस स्टेडियमपासून पंधरा मिनिटांवरचं घर सोडून चालला होता. कप्तान होणार होते त्या इंजिनियरांनी त्यांना समजावलं की वर्ल्ड कप बघून जा, असं पुन्हा होणार नाही. काकांनी किती सामने आहेत ते विचारलं. चौसष्ट, इंजिनियर म्हणाले.

'चौसष्ट? मग माझ्यावाचून अडणार नाही.'

विमानतळावर मी त्यांना सोडायला गेलो. एक बॅग होती. खुर्च्या त्यांनी बंदरावरच्या सहा जणांना दिल्या होत्या, प्रत्येकाला एक.

अंतिम सामन्यानंतरच्या महिन्यात मी नाशिकला मास्तरांच्या मुलीला फोन करून खात्री करून घेतली. काका तिथेच भाड्याच्या खोलीत राहतात. दर गुरुवारी दुपारी चार वाजता तिच्या घरी तालीम असते. प्रत्येक तालमीची नोंद त्या वहीत होते. हजर दोघे. प्रयोगाची तारीख अजून ठरलेली नाही.