जागेवर असलेल्या देवाची चोरी

ती घटना आठवली की आजही माझं डोकं फिरतं. मी सातवी पास माणूस. शिपाई म्हणून लागलो, सहायक फौजदार होऊन निवृत्त झालो, आणि हातातलं प्रकरण कधी अर्धवट सोडलं नाही. हेही सुटलं, पण नेमकं काय सुटलं ते मला अजून सांगता येत नाही.

भोरला जुन्या दगडांचा अभ्यास करणारं एक मंडळ आहे. भोर-वेल्ह्यातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या माणसांसाठी उभे केलेले कोरीव दगड, शोधायचे, त्यांची मापं आणि फोटो घ्यायचे, हे त्यांचं काम. एका सोमवारी भोंगवलीकडच्या एका गावचे दहा-बारा जण ठाण्यात आले.

"सायेब, आमचा भैरोबा चोरला. काल ती भोरची मंडळी आलती."

जागेवर गेलो, तर दगड उभा!

"मग हा कोण?"

"ह्यो आमचा न्हाई. आमचा तांबडालाल, चांदीच्या डोळ्यांचा. ह्याच्यावर तर माणसं मारामारी करत्यात. कुणाचा धोंडा आणून ठिवला कुणास ठावं."

पंचनाम्यात गेलेली वस्तू देव एक, आणि जागेवर दगड एक. मी पेन खाली ठेवलं.

चोरीची बातमी ऐकून दुपारी सारोळ्याच्या एका टपरीवाल्याचा फोन आला. काल मंडळाची जीप चहाला थांबली होती. मागं पोत्यात काहीतरी होतं, आणि त्यांचे प्रमुख चहा सोडून त्या पोत्यापाशीच बसून होते.

प्रमुख म्हणजे एक निवृत्त मास्तर. त्यांना ठाण्यात आणलं.

"मास्तर, दगड बदलला?"

"नाही हो, दगड तोच आहे."

"मग पोत्यात काय होतं?"

मास्तर चष्मा पुसायला लागले. मी ठरवून टाकलं, चोर हाच. अटकेचे कागद काढायला सांगितले. जन्मभर पोरं शिकवलेला माणूस पांढराफटक पडला. "एकदा घरी चला," एवढंच म्हणाला.

पलंगाखाली पोतं होतं. उघडलं तर आत देव! तांबडा चेहरा, चांदीचे डोळे. उचलला तर मागनं पोकळ.

"शप्पथ साहेब, नुसती मापाची टेप टेकवली आणि शेंदराचा अख्खा थर सुटून खाली आला. गाव मारील म्हणून घेऊन पळालो."

माझा विश्वास बसेना. तो थर आणि मास्तर, दोघांना गावात नेलं. थर दगडावर टेकवला. डब्याला झाकण बसावं तसा बसला. दोघातिघांच्या हातात काठ्या होत्या. तेवढ्यात गुरवाची म्हातारी आई पुढं आली.

"आरं येड्यांनो, देवानं शेंदराची खोळ टाकली! माज्या सासूच्या वक्ताला बी टाकलीती. वाजंत्री बोलवा, खोळ नीरा नदीत सोडू. आन् मास्तर, पळालात कशापायी? तुमच्या हातनं झालं, पयला नारळ तुमीच फोडायचा."

काठ्या खाली गेल्या. मी म्हणालो, "आजी, हा मुद्देमाल आहे. ठाण्यात जमा करावा लागंल."

"देवाला कोठडीत घालतोस व्हय रं?"

आमचं काही चोरीला गेलं नाही, असा जबाब गावानं दिला आणि कागद मिटले.

माणूस चोरलेलंच लपवतो असं नाही, भ्याला तरी लपवतो, एवढं मी शिकलो. मंडळ आता आधी गुरवाला विचारतं, मग टेप काढतं. तिथं पाटी लावायचा त्यांचा बेत आहे. मास्तर म्हणतात 'वीरगळ' लिहू, गाव म्हणतं 'भैरोबा'. दोघं मला विचारतात. मी काय सांगणार?

दगडावर पुन्हा शेंदूर चढलाय. मी जातो, हात जोडतो, मग एक सलामही ठोकतो. त्यातलं कुठलं कुणाला पोचतं, ते मला ठाऊक नाही.