उन्हाळ्यात बसवलेले चार गीझर

बहारीनमध्ये उन्हाळ्यात गरम पाणी हवं असेल तर थंड पाण्याचा नळ सोडायचा. थट्टा नाही. प्रत्येक इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या, त्यांच्यावर दिवसभर ऊन, आणि जून ते सप्टेंबर त्यांतून येणारं पाणी असं की बादलीत बोट घालवत नाही. म्हणून तिथली माणसं घरातला गीझर बंद ठेवतात. गच्चीवरचं पाणी त्या बंद पिंपात उतरतं, एसीच्या हवेत निवतं आणि गरमच्या नळातून अंघोळीला मिळतं. नोव्हेंबरच्या अखेरीला हवा गार झाली की मगच गीझरचं बटण दाबायचं.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं तेव्हा मी तिथे उतरलो. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. चौथीत शाळा सोडलेला साताऱ्याकडचा माणूस मी. मुंबईत एका प्लंबरच्या हाताखाली वर्षभर नळाचे वॉशर बदलले होते, चाळीच्या लाइनी जोडल्या होत्या. गीझर लांबून पाहिला होता. पण एजंटाने माझ्या कागदावर पाच वर्षांचा अनुभव लिहून टाकला, आणि तो कागद कंपनीच्या फायलीत जाऊन बसला. त्या फायलीचा मला फार धाक होता. सुपरवायझर कपाट उघडायला गेला की मी काहीतरी निमित्त काढून बाहेर सटकायचो.

हूरा नावाच्या वस्तीत आम्ही सहा जण एका खोलीत राहायचो. त्यात मालवणचे एक जुने फिटर होते. त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. काम मी त्यांच्याबरोबरच करायचो, त्यामुळे सुरुवातीचे महिने निभावले. जुलैत भाऊ चार महिन्यांच्या लीव्हवर गावी गेले आणि सुपरवायझरने माझ्या हातात पहिल्यांदा एकट्याच्या कामाची स्लिप दिली. "माहूज. नया गीझर. अकेला कर लेगा ना?"

"कर लूंगा साब," म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

माहूज म्हणजे शहराचाच दुसरा भाग. तिथल्या त्या फ्लॅटमध्ये वसईच्या एक बाई राहायच्या. इस्पितळात नर्स होत्या, यजमान हॉटेलात. त्यांना दिवस गेले होते, डिसेंबरात बाळ यायचं होतं, म्हणून जुना गंजलेला गीझर काढून नवा घ्यायचं चाललं होतं. दार उघडताच माझ्याकडे पाहून त्यांनी मराठीतच विचारलं, "दादा, तुम्ही आपल्याकडचे ना? मग आधी सांगा, पन्नास लिटरचा घेऊ की ऐंशीचा? दुकानवाला ऐंशीचाच गळ्यात मारतोय."

मला त्या देशात कोणी काही विचारलं असं ते पहिल्यांदाच. मी जरा ताठ झालो. "माणसं किती? शॉवर की बादली?"

"तिघं होऊ. आणि आम्ही वसईची माणसं, बादलीशिवाय अंघोळ झाल्यासारखी वाटत नाही."

"मग पन्नास पुष्कळ. ऐंशीचं पाणी उगाच तापत राहील. आणि इथल्या खाऱ्या पाण्यात मोठं पिंप काय, लहान काय, सारखंच गंजतं."

शेवटचं वाक्य भाऊंचं होतं. मी ते माझं म्हणून खपवलं. बाईंना पटलं. दुसऱ्या दिवशी पन्नासचा गीझर दारात आला.

त्याच्या पोटाखाली दोन तोंडं होती, एकाला निळं कडं, एकाला लाल. बरोबर इंग्रजी कागद. बाई म्हणाल्या, "वाचून दाखवू का? बारीक अक्षर आहे."

मला इंग्रजी येत नाही हे त्यांनी ओळखलं की काय, असं वाटून मी घाईघाईने म्हणालो, "नको नको, रोजचंच काम आहे."

भिंतीतून दोन पाइप बाहेर आले होते. कोणता गच्चीवरून येतो आणि कोणता नळाकडे जातो, याची खूण कुठेच नव्हती. मी दोन्हींना हात लावला. एक गार होता, दुसऱ्याने चटका दिला. चटका देणारी लाइन गरम पाण्याची, इतकं तर कोणालाही कळतं! तो पाइप लाल कड्याला जोडला, गार पाइप निळ्याला. आट्यांवर दोरा आणि सफेदा लावून घट्ट आवळलं, नळ सोडला, धो धो पाणी आलं. कुठे थेंब गळत नव्हता. बाईंनी लिंबाचं सरबत दिलं, वर म्हणाल्या, "हिवाळ्यापर्यंत बटण लावणारच नाही आम्ही. आता वरचं पाणी उकळतंच आहे, गीझर फक्त निववायला."

म्हणजे माझी चूक त्यांनी माझ्या तोंडावर सांगितली होती. तेव्हा ते मला कळलं नाही, मी मान डोलवून सरबत प्यायलो.

त्या उन्हाळ्यात तशाच हाताच्या अंदाजाने मी आणखी तीन गीझर बसवले. तक्रार आली नाही. सुपरवायझर "शाबाश" म्हणाला. गावी पत्रात मी लिहिलं की आता मला एकट्याला पाठवतात.

नोव्हेंबरात भाऊ परत आले. थंडीआधी सर्व्हिसिंगची कामं सुरू झाली होती. झाकण उघडायचं, कॉइलवर बसलेले क्षाराचे पोपडे खरवडायचे, गंज धुवायचा. एका घरातला गीझर गंजून पार फुटला होता. भाऊंनी तो खाली उतरवून फरशीवर आडवा केला आणि त्याचं पोट मला दाखवलं.

"ही लांब नळी बघ. लाल कड्यातसून निघता ती थेट माथ्यापर्यंत जाता. गार पाणी खालसून शिरता, गरम पाणी वरसून भायर पडता. म्हणान टाकीतला पाणी गेला तरी गीझर भरलेलोच ऱ्हवता. उलटो जोडलंस तर खालसून सगळो रिकामो होतलो, आणि बटण चालू असला तर कॉइल सुकीच तापतली. मग आग."

मी विचारलं, "पण भाऊ, लाइन ओळखायची कशी?"

"गच्चीवरचो व्हॉल्व्ह उघडून बघायचा, खयच्या पाइपातसून पाणी येता ता. हात लावन नाय हां. हंय उन्हाळ्यात गार लाइनच भाजता."

माझ्या हातातला ब्रश थांबला. भाऊंनी वर पाहिलं. माणूस पंधरा वर्षं तिथे होता, त्यांना चेहऱ्यावरून कळलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"चार."

"रे मेल्या! हात लावन? ताप बघतंत तसो?" ते हसले, मग हसायचे थांबले. "खय खय?"

हीच तर अडचण होती. माहूजचं घर माहीत होतं. माहूजलाच आणखी एक, तेही खाली बेकरी असल्यामुळे लक्षात होतं. उरलेल्या दोन ठिकाणी कंपनीच्या गाडीने सोडलं होतं. पत्ते इंग्रजी स्लिपांवर होते, आणि त्या स्लिपा सुपरवायझरकडे. मी त्या कधी वाचल्या नव्हत्या, वाचू शकत नव्हतो.

"गपचूप शुक्रवारी जाऊन बदलून ये," भाऊ म्हणाले. "सुपरवायझराक सांगशीत तर तो पयली तुझी फाइल काढतलो."

"आणि ते दोन?"

भाऊ खाली वाकले. पोपडे गोळा करू लागले.

शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी पाने-पकड पिशवीत घालून मी चालत माहूजला गेलो. हवेत गारवा आला होता, लोकांनी स्वेटर घातले होते. एरवी मला ते दिवस आवडायचे. त्या दिवशी दिसेल त्या इमारतीकडे पाहून वाटत होतं की आत कोणीतरी बटण दाबतंय.

बाई नुकत्याच चर्चमधून आल्या होत्या. पोट चांगलंच पुढे आलं होतं. मी म्हणालो, "फ्री सर्व्हिसिंग आहे, कंपनीकडून."

"शुक्रवारी? आणि फुकट?" त्या कमरेला हात लावून दारातच उभ्या राहिल्या. "दादा, मी सहा वर्षं आहे इथे. फुकट सर्व्हिसिंग करणारी कंपनी मला अजून भेटलेली नाही. काय झालंय?"

"काही नाही, जरा बघायचंय."

"पेशंट पण असंच म्हणतात, काही नाही, जरा दुखतंय. बोला."

मी उंबऱ्याबाहेर उभा राहूनच सगळं सांगितलं. हात लावून लाइन ओळखली तेही, कागद का वाचू दिला नाही तेही. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "उद्या माझी आई येतेय वसईहून. आज संध्याकाळी आम्ही बटण लावणार होतो."

"हो का," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"या इमारतीत दुपारी रोज पाणी जातं, माहीत आहे ना तुम्हाला?" आता त्यांचा आवाज चढला होता. "महिन्याभराने माझं लेकरू आतल्या खोलीत झोपलेलं असेल, दादा!"

त्या बाजूला झाल्या. मी आत गेलो, वीज बंद केली, पाणी बंद केलं, दोन्ही पाइप सोडवले. या वेळी गच्चीवर जाऊन व्हॉल्व्ह उघडून पाहिला. जोडणी सरळ केली, पिंप भरू दिलं, मग बाईंनीच बटण दाबलं. अर्ध्या तासाने नळातून गरम पाणी आलं आणि बादली भरेपर्यंत गरमच राहिलं.

त्यांनी चहा केला. राग उतरला नव्हता, पण चहा केला.

"बाकीच्या घरांना सांगितलंत?"

"एक माहीत आहे. दोघांचे पत्ते साहेबाकडे आहेत."

"मग साहेबाला सांगा."

"सिस्टर, माझ्या कागदावर खोटं लिहिलंय. फाइल निघाली तर व्हिसा कॅन्सल. घरी पाठवतील. घरी सांगून आलोय मी, की..."

"आमच्याकडे चुकीचं औषध गेलं तर त्याच मिनिटाला डॉक्टरला सांगावं लागतं," त्या म्हणाल्या. "नोकरीची काळजी मागून. सांगणारीला ओरडा बसतो. लपवणारीला तिसऱ्या दिवशी घरी पाठवतात. आणि तोपर्यंत त्या पेशंटचं काय होतं ते वेगळंच."

निघताना बेकरीवरच्या घरी गेलो, तर दाराला कुलूप होतं. शनिवारी सकाळी मी ऑफिसात सुपरवायझरच्या टेबलासमोर उभा राहिलो. ते केरळचे, उंच, बोलणं तुटक. माझं हिंदी तसंही कच्चं. तरी सगळं बोललो. शेवटी म्हणालो, "और साब, वो पाँच साल झूठ है. एक साल."

ते कपाटाकडे गेलेच नाहीत. ड्रॉवरमधून स्लिपा काढून फोन फिरवू लागले. माहूजच्या बेकरीवरच्या घरात अजून बटण लावलं नव्हतं. "नहीं लगाना, आदमी आ रहा है," त्यांनी बजावलं. दुसरं घर रिकामंच होतं, भाडेकरू यायचा होता. तिसरं झिंज भागातलं. तिथे फोन कोणी उचलेना.

"यल्ला, चल," म्हणत त्यांनी गाडीची किल्ली उचलली.

झिंजपर्यंत त्यांनी गाडी भरधाव नेली. मी खिडकीतून धूर दिसतो का ते बघत होतो. दार एका मराठी बाईंनी उघडलं. फोन बिघडला होता. मागून आठ-नऊ वर्षांची मुलगी डोकावली. गीझर दोन दिवस चालू होता. "गरम पाणी येतं आणि लगेच थंड पडतं," बाई म्हणाल्या, "मी तक्रार करणारच होते."

मी आत धावलो आणि बटण बंद केलं. पिंपावर टिचकी मारून पाहिली. भरलेलं होतं. त्यांच्या इमारतीत अजून पाणी गेलं नव्हतं, एवढंच.

सुपरवायझरने मला परत दाराशी बोलावलं. "इनको तू बता. मैं नहीं बताऊंगा."

मी बाईंना सांगितलं. मराठीत सांगणं जास्त अवघड गेलं. त्यांनी मुलीला जवळ ओढलं. मुलीला मराठी कळत होतं, पण ती बोलली इंग्रजीत. बाईंनीच मला सांगितलं, "ती विचारतेय, आता बरोबर करणार का?"

"करणार," मी मुलीला म्हणालो.

ती मोरीच्या दाराशी उभी राहून शेवटपर्यंत बघत राहिली. सुपरवायझर तिच्या मागे उभे होते. मी गच्चीवर गेलो, व्हॉल्व्ह पाहिला, खाली आलो, जोडलं. प्रत्येक आटा मोजून आवळला. त्यांनी एकदाही माझ्या हातातून पाना मागून घेतला नाही.

खाली गाडीपाशी आल्यावर ते म्हणाले, "छह महीना हेल्पर. अकेला कहीं नहीं जाएगा. और स्लिप पढ़ना सीख, समझा? ए-बी-सी-डी तेरा भाऊ सिखाएगा."

"साब, मेरा व्हिसा?"

"व्हिसा को क्या हुआ?" त्यांनी गाडी चालू केली. "पाँच साल तो सबका लिखा होता है. बैठ. बेकरीवाला घर बाकी है."

मी बसलो. पाने मांडीवर घेतले होते, ते माहूज येईपर्यंत तसेच धरून ठेवले.