सुनेच्या आधीचा नंबर

त्या म्हातारीचं नाव मला विचारताच आलं नाही. धुळ्यातल्या दातांच्या दवाखान्यात मी तोंडात कापूस धरून बसले होते. दाढ काढली होती आणि रक्त थांबत नव्हतं. समोर ती आणि तिची सून. म्हातारीला एका जागी बसवेना. कमरेच्या किल्ल्या खुळखुळवत दारापर्यंत जायची, परत यायची, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून सुनेवर खेकसायची, "कितली घाबरस व!" कारण नंबर आला की सून दुसऱ्यालाच पुढे पाठवत होती.

म्हातारी तंबाखू थुंकायला बाहेर गेली तशी सून माझ्या कानाशी आली.

"माझ्या हृदयाला जन्मापासून छिद्र आहे. दात काढताना जंतू रक्तातून तिथं जातात म्हणे. माहेरच्या डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्यात, त्या आत्ता चोरून घेतल्या. तासभर थांबायचंय. सासरी कुणाला माहीत नाही. कळलं तर माहेरी धाडतील."

मी कापूस दाताखाली दाबून घड्याळाकडे पाहिलं.

हळूहळू लोक संपले. कंपाउंडरने सुनेला हाक मारली आणि तिचा चेहरा उतरला. तेवढ्यात म्हातारी पुढे झाली.

"थांब. पहिले मना दात दखाडी येस."

कंपाउंडरला हसू आवरेना, कारण तिच्या तोंडात एकही दात नव्हता. तरी ती आत गेली, आणि कवळीच्या भावावरून डॉक्टरांशी घातलेला वाद बराच वेळ बाहेर ऐकू येत राहिला.

बाहेर आल्यावर तिने आधी घड्याळ पाहिलं. मग सुनेच्या डोक्यावरचा पदर सारखा केला.

"जाय आते. तास व्हई गया."