सव्वाचारचा फोन

"साकु!"

कागद हातभर लांब धरायचा, चष्मा कपाळावर चढवायचा, पहिलं वाक्य मोठ्यानं वाचायचं आणि दुसरं सुरू व्हायच्या आत म्हणायचं, "साकु!" सर अक्कलकोटकडचे, घरी कन्नड बोलणारे. साकु म्हणजे पुरे. मग लाल पेनाचं टोपण दातांनी काढून ते कागदावर तिरकी रेघ ओढत. रेघ ओढताना त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नसे. राग नाही, मजा नाही. मला त्याचाच जास्त राग यायचा.

तुमच्याही कामाच्या जागी असा एखादा माणूस असेल. त्याच्याबद्दल लिहिताना लोक 'माझे गुरू' असं लिहितात. मला तसं लिहिता येत नाही. या माणसाचा सूड घ्यायचा, असं मी सात-आठ महिने मनात घोकत होतो, आणि तो घेतलाही. म्हणून जे झालं तेच सांगतो.

मी केम गावचा. घरात कॉलेजला आलेला पहिलाच. सोलापुरात मास कम्युनिकेशनच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि दुपारनंतर सात रस्त्याजवळच्या एका जनसंपर्काच्या ऑफिसात काम करायचो. दवाखाने, शाळा, टॉवेलचे कारखाने यांच्या बातम्या तयार करून आम्ही पेपरांना पाठवत असू. मला वाटायचं, या धंद्यात चांगले कपडे आणि फाडफाड बोलणं लागतं. दोन्ही माझ्याकडे नव्हतं. तिथं बातम्या तपासणारे सर म्हणाले, "बोलणारे लई हायेत. बोललेलं वाऱ्यावर जातं, कागद मागं राहतो. लिहिता येतं का तुला?"

मी हो म्हणालो. शाळेत निबंधाला बक्षीस मिळालं होतं.

पहिली बातमी एका शाळेच्या स्नेहसंमेलनाची होती. मी जीव ओतून लिहिली. सरांनी सगळ्यांसमोर वाचली, "'ज्ञानाच्या अथांग सागरात बालगोपाळांनी...' साकु! आरं, केमला सागर कुटनं आला?" डिझाइन करणारी दोघं खुर्चीवरून पडायच्या बेतात आली. सरांनी कागदावर दहा-बारा रेघा ओढल्या आणि तो पाण्याच्या पिंपाशेजारच्या बोर्डावर टाचला. "राहू दे आठवडाभर. येता-जाता बघ. कोण, कुटं, काय. बाकी सगळा मांडव."

इतकंच असतं तर मी विसरलो असतो.

त्याच आठवड्यात वडील भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन पॅसेंजरनं आले. चौथी शिकलेले. पाणी प्यायला पिंपाशी गेले आणि बोर्डापुढं उभे राहिले. बोटानं एकेक अक्षर धरत खालचं माझं नाव वाचलं आणि मोठ्यानं म्हणाले, "आरं, तुजं नाव लावलंय की हितं! आन् किती खुणा केल्यात. लई आवडलं वाटतं सायबाला!"

ऑफिसात पुन्हा हसू फुटलं. सर हसले नाहीत. पण त्यांनी उठून तो कागद काढलाही नाही. वडील त्यांना हात जोडून म्हणाले, "आसंच लक्ष ऱ्हाऊ द्या पोरावर." सर म्हणाले, "व्हय." वडिलांना स्टेशनवर सोडून परत येताना मी ठरवलं, या माणसाचा कागद एक दिवस सगळ्या गावासमोर टांगायचा.

त्यासाठी मी शिकलो, हे मान्य करायला हवं. 'संपन्न झाला' गेलं, 'मान्यवरांच्या शुभहस्ते' गेलं. संध्याकाळी चार वाक्यं लिहायची आणि तीन खोडायची. सर आता दुसरं वाक्यही वाचू लागले, मग तिसरं. एकदा सगळा कागद वाचून त्यांनी नुसताच ट्रेमध्ये ठेवला. त्या दिवशी मला आनंद झाला आणि त्या आनंदाचीही चीड आली.

आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. कार्यक्रम संध्याकाळी पाचचा असला तर बातमी दुपारीच लिहून तयार असते. पेपरांची पानं लवकर लागतात, थांबून चालत नाही. म्हणून पाहुणा घरून निघालेलाही नसतो आणि आमच्या कागदावर त्याचं भाषण होऊन टाळ्याही पडलेल्या असतात. सगळेच असं करतात.

त्या शनिवारी एका टॉवेल कारखान्यात कामगारांसाठी नव्या कॅन्टीनचं उद्घाटन होतं. बातमी सरांनी स्वतः लिहिली होती, खाली संपर्कासाठी त्यांचंच नाव. सव्वाचारला ऑफिसचा फोन वाजला. मी उचलला. कारखान्याचे मॅनेजर घाईत होते. "आजचा कार्यक्रम न्हाय होत. सरांना सांगा, बातमी थांबवा."

"हो, सांगतो," मी म्हणालो.

सर समोरच्या टेबलावर होते. चार पावलांवर. मी फोन ठेवला आणि फाईल चाळू लागलो. फार विचार केला असं नाही. एवढंच मनात आलं, की उद्या न झालेला कार्यक्रम सरांच्या नावावर छापून येईल आणि लोक हसतील. साडेचारला सरांनी मेल पाठवला. मला आत कुठंतरी गार वाटलं.

रविवारी सकाळी मी चहाच्या टपरीवर पेपर उघडला. चौथ्या पानावर बातमी होती. 'कामगारांनी टाळ्या वाजवून कॅन्टीनचं स्वागत केलं.' त्याच पानावर, खाली, छोटी चौकट होती. त्याच कारखान्यातले एक जुने कामगार शनिवारी दुपारी मागाजवळच कोसळून गेले होते. कार्यक्रम का नाही, हे मॅनेजरांनी मला सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

दहा वाजता आम्हा सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. मॅनेजर आले होते. "मी फोन केला हुता! हितं कुणीतरी उचलला. म्हणलं, बातमी थांबवा!"

आमचे मालक म्हणाले, "कुणी उचलला?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. लाल रेघ ओढताना असायचा तसाच चेहरा.

"मी," सर म्हणाले. "माझ्या ध्यानातनं गेलं."

मी काहीच बोललो नाही. नंतर मी स्वतःला सांगत राहिलो, की बोलायला वेळच मिळाला नाही. तसं नव्हतं. वेळ भरपूर होता.

सगळे गेल्यावर सरांनी मला समोर बसवलं. "आता खुलासा लिही. आन् घरच्यांना पत्र."

मी लिहिलं, 'अनवधानाने झालेल्या चुकीबद्दल आम्ही दिलगिरी व्यक्त करतो.'

"साकु. कोण गेलं?"

मी नाव सांगितलं.

"मग ते आधी लिही. त्यांचं नाव आधी, आपली दिलगिरी मागनं. आन् अनवधानानं म्हंजे काय रं? अनवधानानं झालं का हे?"

मी नवा कागद घेतला. नऊ वेळा लिहिलं. नवव्यांदा त्यांनी हात पुढं केला आणि पत्र घडी करून खिशात ठेवलं.

त्यांच्या स्कूटरवर मागं बसून मी पूर्व भागात त्या कामगारांच्या घरी गेलो. घर विणकरांचं, बोलणं तेलुगू. त्यांच्या पत्नीला, आजींना, मराठी वाचता येत नव्हतं. नातीनं पत्र हातात घेतलं, आधी आजोबांचं नाव वाचलं आणि मग एकेक वाक्य मराठीत वाचून लगेच तेलुगूत सांगू लागली. 'तुमचे वडील-आजोबा काल दुपारी गेले. त्याच दिवशी कामगारांनी टाळ्या वाजवल्या, असं आम्ही छापायला दिलं. कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. ते खोटं होतं. आम्हाला माफ करा.' मुलगी एकदाही अडली नाही. माझं पहिलं पत्र असतं तर ती पहिल्याच ओळीत थांबून आमच्या तोंडाकडं बघत राहिली असती. आजींनी ऐकून घेतलं. माफ केलं असं म्हणाल्या नाहीत. नातीला काहीतरी बोलल्या आणि तिनं आम्हाला पाणी आणून दिलं.

परतताना सर म्हणाले, "फोन तू उचललास. मी बघितलं. हो, सांगतो म्हणलास."

"मग मला विचारलं का नाही, सर?"

"वाटलं, सांगशील."



महिनाअखेर सरांना काढलं. कारखान्याची तशी अटच होती. मी अजूनही गप्प होतो. बोर्डावर टाचलेला कागद आणि वडिलांचं बोट आठवून मी स्वतःला पटवायचो, की फिट्टंफाट झाली.

परीक्षा झाल्यावर मी त्यांच्या जुळे सोलापुरातल्या फ्लॅटवर गेलो. काय बोलणार होतो कोण जाणे. दाराला कुलूप होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "ते नातेपुत्याला लेकीकडं गेले की. तू केमचा का? हे ठेवलंय तुझ्यासाठी."

पाकिटात शिफारसपत्र होतं. 'हा मुलगा माझ्या हाताखाली होता. साधं, नेमकं आणि वेळेत लिहितो. काय लिहीत नाही, याकडे लक्ष ठेवावं.' खाली सही आणि फोन नंबर. तारखेची जागा मोकळी, कधीही वापरता यावी म्हणून.

मी जिन्यातच बसलो. सूड असा तीन वाक्यांत घेता येतो, हे मला माहीत नव्हतं. पहिली दोन वाक्यं नोकरी देत होती, तिसरं ती काढून घेत होतं. त्यातलं एकही खोटं नव्हतं.

दोन महिन्यांनी एका दवाखान्याच्या जनसंपर्क विभागात मुलाखत झाली. अनुभवाचा दुसरा कागद माझ्याकडे नव्हता. मॅडमनी पत्र वाचलं, परत वाचलं. "हे शेवटचं काय आहे?" मी अडखळलो. त्यांनी सरळ सहीखालच्या नंबरवर फोन लावून स्पीकर चालू केला.

"व्हय, मीच लिहिलंय," सरांचा आवाज आला.

"याचा अर्थ काय घ्यायचा आम्ही?"

"त्यालाच विचारा. सांगितलं तर घ्या. न्हाय सांगितलं तर घेऊ नका."

"तो इथंच बसलाय. देऊ का त्याच्याकडं?"



"नको," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी सगळं सांगितलं. मधे दोनदा थांबलो, पण काही गाळलं नाही.

दवाखान्यात मी आता बातम्या लिहितो. कार्यक्रम होऊन गेल्याशिवाय लिहीत नाही, म्हणून काही पेपरांत त्या येतच नाहीत. सरांना दर रविवारी फोन करतो. पूर्ण वाजतो. त्यांनी तो आजवर उचललेला नाही.