नलिनीताईंचा कबुलीजबाब

नलिनीताई अंबाड्यात गजऱ्याऐवजी पीएच तपासायच्या कागदी पट्ट्या खोवत. नव्वदच्या दशकातल्या गुडगावात, आमच्या जीन्सच्या कारखान्यात, ही बाई धुलाईच्या मशीनपाशी उभी राहून डोक्यातली पट्टी उपसायची, पाण्यात बुडवायची आणि तिचा रंग पाहून नाक मुरडायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, आता कबुतर निघणार.

त्या दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधून चार्टर्ड बसने यायच्या. नवी जीन्स जुनी दिसावी म्हणून तिच्यावर एन्झाइम सोडायचं, हे त्यांचं काम. "एन्झाइम म्हणजे जावई रे," त्या म्हणायच्या. "पाणी बेताचं आंबट हवं. फार आंबट झालं तर जागीच मान टाकतो. आणि सोडा घालून वेळेवर निरोप दिला नाही, तर कापड खातच बसतो."

एका दिवाळीत मालकांच्या चिरंजीवांनी ती शेवटची सोड्याची धुलाईच बंद केली. टँकरचं पाणी वाचणार होतं. ताई भांडल्या, त्यांना लॅबमध्ये जाऊन बसायला सांगण्यात आलं. ओला ढीग सुट्टीभर तसाच राहिला आणि उघडला तेव्हा पँट्स जुन्या वर्तमानपत्रासारख्या फाटू लागल्या.

खरेदीदाराचा तज्ज्ञ येणार होता. चिरंजीव ताईंना म्हणाले, चूक तुमची आहे असं सांगा, नाहीतर उद्यापासून येऊ नका. ताईंचे यजमान निवृत्तीला आलेले, क्वार्टर सुटणार, नोएडाचा फ्लॅट ताईंच्या पगारावर उभा.

बैठकीत त्या शांतपणे उठल्या. "मेरी गलती है जी. एसिड बहुत ज़्यादा डाल दिया, तो एन्ज़ाइम और तेज़ हो गया."

मी रुमालात तोंड खुपसलं. तेवढ्या ॲसिडने एन्झाइम मेलंच असतं! बाईंनी भर सभेत न घडू शकणारी चूक कबूल केली होती, आणि आता त्या एकेकाचा चेहरा न्याहाळत होत्या. चिरंजीवांनी गंभीरपणे मान हलवली. तज्ज्ञाने तर वाक्य लिहून घेतलं.

परतताना बसमध्ये मी म्हटलं, "ताई, काय बनवलंत सगळ्यांना!"

"बनवलं नाही रे," त्या म्हणाल्या. "कुणीतरी पकडेल म्हणून बोलले. एकानेही विचारलं नाही."

नोकरी टिकली. पुढे प्रत्येक नव्या सुपरवायझरला पहिला धडा तोच मिळायचा: ॲसिड जपून घाला, एन्झाइम भडकतं. तो धडा द्यायचं काम चिरंजीवांनी ताईंकडेच सोपवलं होतं.