दोराच्या टोकाला दत्तू

मंडळी, तुमचे इथले अनुभव मी रोज दुपारी वाचते आणि खरं सांगायचं तर निम्म्यांना हसते. आमच्या किन्हवलीत कुणाला झपाटलं असं कळलं की मी आधी विचारणार, "जेवला का नीट? झोपला का?" अंगात आलेल्या बाईच्या हातात पाण्याचा तांब्या देऊन तिला घरी पाठवणारी मी! शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं वाणसामानाच्या पुडीचे कागद वाचून शिकले, तेव्हा शुद्धलेखन तेवढं सांभाळून घ्या. आणि हे काही काळोखात घडलेलं नाही. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, बाराच्या ठोक्याला, लख्ख उन्हात घडलंय.

आधी माणसं सांगते, म्हणजे घोळ व्हायला नको.

दत्तू माझा पाठचा भाऊ. मालाच्या बोटीवर खलाशी होता. तीसेक वर्षांपूर्वी नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ त्याची बोट खडकावर आपटून बुडाली. सगळे वाचले, दत्तू तेवढा गेला. त्याच बोटीवर सापगावचा सखाराम होता — दत्तूनेच शब्द टाकून नोकरीला लावलेला. तो परत आला आणि म्हणाला, "दत्तू दारू पिऊन टाइट होता. बोट आपटायच्या आधीच डेकवरनं पडला." झालं! पडला म्हटल्यावर बोटीच्या आत कोण शोधणार? अहो, माझा दत्तू सुपारीसुद्धा खात नव्हता. आणि आमच्या आईला बाजारात बाया विचारायच्या, "तो पिऊन पडला तो तुजाच ना गो?" आईने बाजार सोडला, मग अन्न सोडलं, दीड वर्षात गेली. तेव्हापासून रोज दिवा लावताना मी एकच मागायची — सखारामला सुखाचं मरण नको.

आणि माझ्या सुजाताने लग्न कुणाशी करावं? सखारामच्या प्रशांतशी!

"आये, त्यानं काय केलंय?"

"त्याच्या बापानं केलंय."

लग्नाला मी गेले नाही. सहा वर्षं जावयाशी बोलले नाही. प्रशांत पाणबुड्या आहे, नॉर्वेत समुद्रात मासे पाळतात त्यांची जाळी पाण्याखाली जाऊन तपासतो. सुजाताच्या बाळंतपणाला मात्र नॉर्वेला जावंच लागलं. नात तीन आठवड्यांची झाली तेव्हा एके दिवशी तो माझ्यासमोर येऊन बसला.

"आई, दत्तूमामांची बोट इथनं दोन तासांवर हाय. फार खोल नाय, आमच्यातले लोक सुट्टीत बघायला जातात. याल?"

"बापाला इचारलंस?"

"बाबा त्यावर बोलतच नाय. म्हनून तर मला बघायचीय."

गेले. साडीवर दोन स्वेटर, कानटोपी, सुजाताचे बूट… मी खडकावर उभी राहिले आणि प्रशांत म्हणाला, "आई, एकदम कडक दिसताय."

"बापू, थट्टा पुरे. पानी केवडं खोल हाय?"

"सात-आठ पुरुष. गार मात्र बर्फासारखं."

त्याचा जोडीदार आयत्या वेळी आला नाही. नियमाने दोघं लागतात, पण हा ऐकेना. कमरेला दोर बांधला, दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "तुमी एक हिसका द्यायचा, म्हंजे 'ठीक हायस का?' मी एक देईन, म्हंजे ठीक. तीन दिले तर वर येतोय. सारखे सारखे दिले तर ओढायचं आनि आरडायचं."

मला हसूच आलं. कारण हे दोराचं बोलणं मला नवं नव्हतं. लहानपणी आमच्याकडे नवे गोऱ्हे नांगराला शिकवताना मी पुढे आणि दत्तू मागे, दोघांच्या मधे एकच कासरा असायचा. बैल बुजू नयेत म्हणून तोंडाने ओरडायचं नाही. त्याने दोन हिसके दिले की थांब. आणि एक लांब ओढ देऊन हळूच ढील दिली, की "सोड" — जू उतरव, काम झालं. ही आमच्या दोघांचीच खूण. बाबांनासुद्धा ठाऊक नव्हती.

प्रशांत पाण्यात उतरला. त्याचे बुडबुडे बोटीपर्यंत गेलेले मला दिसत होते. मी एक हिसका दिला, खालून एक आला. पुन्हा दिला, पुन्हा आला. मग मी दिला… काहीच नाही. पुन्हा दिला. नाही.

आणि मग आले. दोन हिसके.

मी थांबले. हो, अंगवळणी पडलेलं, हातच थांबले! मग एक लांब ओढ. आणि हळूच ढील.

सोड.

"दत्तू?" मी मोठ्याने म्हणाले. पुन्हा तीच लांब ओढ, आता जोराची. सोड. कुणाला सोडायला सांगतोय ते मला लगेच कळलं बरं! ज्याने त्याचं नाव मातीत घातलं, त्याचा एकुलता एक पोर माझ्या हातातल्या दोराला होता. तीस वर्षं देवाकडे जे मागत होते ते दत्तू माझ्याच हातून करवून घेत होता.

लपवत नाही. मी हात उघडला.

चार-पाच हात दोर सरसर खडकावरून पाण्यात गेला आणि मला बरं वाटलं. आई आठवली, बाजारातल्या त्या बाया आठवल्या, आणि बरं वाटलं. मग कशी कोण जाणे, नात डोळ्यासमोर आली. दूध पिताना ती एक पाय हलवते, तो पाय दिसला. मी दोरावर बूट दाबून धरला, खाली बसले, दोन्ही हातांनी दोर आवळला. तळहात सोलून निघाले.

"दत्तू," मी म्हणाले, "याला नाय! हा माज्या पोरीचा नवरा हाय. बापाला घे. बाप सापगावात हाय, जा, त्याला घे!"

दोर एकदम मेल्यासारखा सैल पडला. जरा वेळाने तीन हिसके आले.

प्रशांत वर आला तो ओठ निळे पडलेले, बोलता येईना. थर्मासमधला चहा पाजला तेव्हा म्हणाला, "आई, एका खोलीच्या भिंतीला गंजून भोक पडलंय, त्यातनं आत गेलो. निघताना अडकलो. पाठीवरची हवेची टाकी कुनीतरी धरून ठेवल्यागत… मग एकदम सुटली."

"मंग हिसके कशाला देत होतास इतके?"

"कसले हिसके? पयले दोन दिले तेवढेच. आत शिरताना दोर अडकायला लागला म्हनून काढून कठड्याला बांधलावता. येताना सोडून घेतला आनि गुमान वर आलो."

मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला. तोच खाली बघत म्हणाला, "त्या खोलीचं दार तसंच हाय, आई. लोखंडाच्या खिट्ट्या लावलेल्या. बाहेरनं."

म्हणजे दत्तू डेकवरून पडला नव्हता. आत होता. पाणी अडवायला म्हणून सखारामने दार लावलं की काय, कोण जाणे… पण लावलं, आणि येऊन दारूचं सांगितलं.

परतीच्या रस्त्यावर सापगावहून फोन आला. गाडी बाजूला घेतली. विहीणबाई होत्या. सखारामदादा दुपारी साडेतीनला गेले — तिकडे साडेतीन म्हणजे नॉर्वेत बारा. ओटीवर बसले होते, मे महिन्यातल्या उन्हात गोधडी मागितली, मग दुसरी, मग तिसरी. दात वाजत होते. डॉक्टरांनी हार्ट अटॅक सांगितलं. विहीणबाई रडत म्हणत होत्या, "सारखं एकच बोलत व्हते ओ… उघडतो रे दत्तू, थांब, उघडतो…"

प्रशांत स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मला रडू आलं नाही.

हे कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही. योगायोग म्हणा, म्हातारीच्या मनाचे खेळ म्हणा, मी भांडणार नाही. दोर मात्र माझ्या हातात होता.

आता आम्ही चांगलं बोलतो, जावई आणि मी. फक्त सखारामच्या तेराव्याला त्याने मला एकदा बाजूला घेऊन विचारलं, "आई, त्या दिवशी पान्याखाली मला तुमचा आवाज आला. सात-आठ पुरुष खाली, कानावर जाड टोपी, तरी आला. 'बापाला घे.' तुमी बोललावतात काय असं?"

मी म्हणाले, "कानात पानी गेलं असंल, बापू."

तो हे पान वाचतो की नाही मला माहीत नाही. वाचत असशील तर, बापू… बोलले होते. आणि पुन्हा तो दोर हातात आला तर पुन्हा बोलेन.