कवटी मी खरवडली

"अगं, तो ड्रम घरी नको. विषाचा आहे. तुळशीलासुद्धा त्यातलं पाणी घालू नकोस. ह्याला दे. ह्यांच्या वस्तीत चालतं."

मालक बायकोला सांगत होते. मी समोरच उभा होतो. त्यांनी आवाजही खाली केला नाही.

सोलापुरात चादरी-टॉवेलच्या सुताला रंग देणाऱ्या त्या कारखान्यात मी मुकादम. आमच्या बौद्ध वस्तीत नळाला चार-चार दिवसांनी पाणी. ज्याच्या दारात मोठा ड्रम, त्याचा मान. केमिकलचे रिकामे ड्रम मी वस्तीत घरोघर दिले. लग्नात दिले. बाळंतिणीच्या घरी दिले. लोक म्हणायचे, मुकादम झाला पण वस्तीला विसरला नाही. ते मला गोड लागायचं.

त्या दिवशी अंगाची लाहीलाही झाली. पण ती नुसत्या अपमानाची नव्हती. मालकांना जे ठाऊक होतं, ते मलाही ठाऊक होतं. प्रत्येक ड्रमवर कवटीचं चित्र असायचं. रॉकेल लावून, ब्लेडनं ते मीच खरवडायचो. लोक भिऊ नयेत म्हणून. पाण्याला वास येतो अशी कुणी तक्रार केली, तर सांगायचो, नळाच्या पाण्यातलं औषध असेल.

मी म्हणालो, "मालक, आता भोक पाडल्याशिवाय एकही ड्रम गेटबाहेर सोडणार नाही. कामावर ठेवा, नाहीतर काढा."

ते हसले. "पाड की. उद्या तुझीच माणसं ड्रम मागत येतील."

संध्याकाळी करवत घेऊन वस्तीत गेलो. पहिलं घर शेजारच्या मालनवहिनींचं. त्यांच्या नातीच्या तोंडात सारखे फोड येतात. ते ड्रममुळेच, असं कुठल्या डॉक्टरनं सांगितलेलं नाही. आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं.

मी सगळं सांगितलं. कवटीचंही.

वहिनींनी ड्रमचं झाकण काढून आत बघितलं. मग म्हणाल्या, "भावजी, तुमच्या घरात कंचा ड्रम हाय वो?"

माझ्या घरी सात रस्ता चौकातल्या दुकानातला नवा ड्रम होता. पहिल्यापासून.

"नवा," मी म्हणालो. "दुकानातला."

त्यांनी माझ्या हातातली करवत घेतली. ड्रम स्वतःच कापला. मला हात लावू दिला नाही.

मी माफी मागितली नाही. मागून सुटका करून घेणार नाही. पण उरलेल्या प्रत्येक दारात जाणार आहे. मालक काय बोलले ते नंतर सांगेन. आधी सांगेन, चित्र मी खरवडलं आणि माझं पाणी वेगळं ठेवलं.